सव्वीस जानेवारीची गाठ

आमच्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीत सव्वीस जानेवारीचा झेंडा दर वर्षी एका घराच्या हातून फडकतो. घरांच्या ओळीने नंबर येतो. यंदा आमचा होता. घराचा नंबर म्हणजे घरच्या पुरुषाचा, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. बायांनी पहाटे रांगोळी काढायची आणि झेंडा उघडला की टाळ्या वाजवायच्या.

बाबनरावांनी, म्हणजे माझ्या घरधन्यांनी, टोपी इस्त्रीला काढली तेव्हा मी सांगितलं की दोरी मी ओढणार. ते हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले.

मी हे रागाने म्हटलं नव्हतं. नात रितिकाच्या पुस्तकातला धडा मी वाचला होता. साठीला आले तेव्हा तिच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली, म्हणून तिची पुस्तकं आम्हा दोघींची असतात. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, कारण त्या दिवशी देश सुटला. सव्वीस जानेवारीला तो वर बांधलेलाच असतो, नुसता उघडायचा असतो. देश आधीच आपला झालेला होता. त्या दिवसापासून तो आपण केलेल्या कायद्याने चालू लागला. त्या कायद्यात बाई आणि माणूस असा फरक नाही.

"मग दोरीत काहून असावा?" मी विचारलं.

बाबनरावांनी टोपी परत खुंटीला अडकवली. पण गल्लीत बोलणी झाली. म्हातारीचा हात पुरेल का, दोरी अडकली तर काय, असं पानठेल्यावर चाललं होतं म्हणे. मंडळाचे अध्यक्ष वामनराव, ज्यांचं कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, ते घरी आले. माणूस सरळ. चहा घेतला आणि म्हणाले, "काकू, तुम्ही ओढा. माही ना नाही. पण नाही उघडला, तर पुढच्या वर्षापासून लोक जुनंच धरतील. मंग मले काही बोलता येणार नाही."

मी म्हटलं, उघडेल.

झेंडा घडी करून, आत फुलं भरून बांधायचं काम गिरिधर गुरुजींचं होतं. ते यंदा मुलाकडे राहायला गेले. ते काम बाबनरावांनी मागून घेतलं. आम्ही उमरेडचे कोष्टी. यांनी चाळीस वर्षं मागावर काढली, मी सुताच्या कांड्या भरल्या. गाठ बांधणं हा आपला खानदानी धंदा, असं ते सगळ्यांना सांगत होते, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकाळी चांगलीच थंडी होती. सगळे स्वेटर घालून उभे राहिले. वामनराव चार शब्द बोलले आणि त्यांनी मला पुढे बोलावलं. मी दोरी ओढली. वर काही हललं नाही. पुन्हा ओढली. एक पाकळीही पडली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, सांगितलं होतं ना. वामनराव मदतीला पुढे आले आणि दोरीला हात घालू लागले.

माझ्या तळव्याला मात्र वेगळंच कळत होतं. दोरी कुठे अडकली असती तर थोडी तरी मागेपुढे झाली असती. ही दर ओढीला आणखी आवळत होती. मी बाबनरावांकडे पाहिलं. ते स्वतःच्या बोटांकडे पाहत होते.

"ओढू नका भाऊ," मी वामनरावांना म्हटलं. "हे कोष्ट्याची गाठ आहे. जेवढी ओढाल तेवढी बसते."

मागावर सुताची तार तुटली की विणकर ती सांधतो. ती गाठ मागाच्या फणीतून सरकून जाईल इतकी बारीक असते आणि कितीही ताण दिला तरी सुटत नाही. यांच्या बोटांनी झेंड्यालाही तीच दिली होती.

मी दुसऱ्या दोरीने झेंडा खाली उतरवायला सांगितला. तो जमिनीला लागू नये म्हणून वामनरावांनी स्वतः दोन्ही हात पसरून धरला. मी गाठ ढकलून सोडवली. ती ओढून सुटत नाही. कोणी म्हणालं, आता असाच उघडा वर चढवा, वेळ होऊन राहिला.

"तो मान पंधरा ऑगस्टचा," मी म्हटलं. "आज वरच उघडंल."

वामनरावांनी मान डोलावली. बाबनरावांनी पुन्हा बांधायला घेतलं, तर बोटं आपोआप तोच वेढा घालू लागली. मी त्यांचा हात बाजूला केला. रितिका शाळेत जाताना आपल्या वेणीला रिबिनीची जी गाठ मारते, एक टोक ओढलं की मोकळी होणारी, तीच मारली. झेंडा वर गेला. आता कोणीतरी दुसऱ्याने ओढावं का, असं वामनराव हळूच म्हणाले. मी दोरी हातातून सोडलीच नव्हती.

या खेपेला जोर लागलाच नाही. झेंडा उघडला, झेंडूच्या पाकळ्या वामनरावांच्या टकलावर पडल्या, आणि सगळी गल्ली जन गण मन म्हणू लागली.

नंतर पोहे खाताना बाबनरावांची बरीच थट्टा झाली. आमचा मुलगा जितेंद्र वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात आहे. तो म्हणाला, "बाबा, उद्यापासून आमच्या गोदामात या. तुम्ही ताडपत्री बांधली तर ट्रकातला माल चोरालेही सुटणार नाही."

"आयुष्यभर सुटू नये म्हणून बांधली गा," ते म्हणाले. "सुटावी म्हणून बांधायले मले कोणी शिकवलंच नाही."

तेवढ्यात वामनरावांच्या मंडळी, शोभाताई, माझ्याजवळ येऊन बसल्या. पुढच्या वर्षी नंबर त्यांच्या घराचा. "जनाबाई, ते गाठ मले आताच दाखवून द्या वं," त्या नवऱ्यासमोरच म्हणाल्या. "मी ओढीन तवा खोटी नको व्हायले."

मी पदराचं टोक घेतलं आणि गाठ मारून दाखवली. वामनराव हातातली प्लेट खाली ठेवून वाकून पाहत होते. ओढायचं ते टोक कोणतं, हे त्यांनीच विचारलं.