लाल दोऱ्याच्या जोड्या

बेकरीतलं कणीक मळायचं यंत्र एवढं मोठं, की त्याच्या भांड्यात म्हैस बसली असती आणि शिंगंसुद्धा दिसली नसती. आणि तिथल्या स्टोअरमधली पोरगी एवढी टापटीप, की तिच्या धाकानं झुरळं रांगेत चालायची. महिनाभराच्या कच्च्या नोकरीवर होती बिचारी. घरी आई पाय मोडून पडलेली, त्यामुळे नोकरी टिकायलाच हवी होती.

तिसऱ्याच दिवशी तिनं वायरमनकाकांचा खण उघडला. मोटर चालू-बंद करणारा ठोकळा असतो ना, कॉन्टॅक्टर? प्रत्येक कॉन्टॅक्टरला तीन-तीन फ्यूज लाल दोऱ्यानं बांधलेले.

"अगं बाई, काय हा पसारा!" म्हणत तिनं कचाकच दोरे कापले. ठोकळे एका डब्यात, फ्यूज दुसऱ्यात, उंचीप्रमाणे उभे.

पुढच्या आठवड्यात काका आले. "कणकेच्या यंत्राचा जुना ठोकळा झिजलाय. नवा संच दे गं."

तिनं ठोकळा दिला आणि मापात बसणारे फ्यूज दिले. त्यातल्या त्यात मोठ्या आकड्याचे, म्हणजे दणकट! काकांनी न वाचता बसवले.

मग एके दिवशी उंदरानं केबल कुरतडली. असा बार उडाला, की तीन गल्ल्या पलीकडचा ठार बहिरा शिंपी "कोण आहे?" म्हणाला. काकांनी केबल बदलली, फ्यूज बदलले, मेन स्विच वर केला, आणि कुणी बटण न दाबताच यंत्र गरगरलं! भट्टीवाला भांडं पुसत होता. हात कसाबसा सुटला, बाही आत गेली. लाल बटणावर बुक्क्या मारल्या तरी यंत्र ढिम्म ऐकेना. काकांनी मेन स्विच पाडला तेव्हा कुठे ते थांबलं.

काकांनी ठोकळा उघडला. आतले वीज जोडणारे-तोडणारे पत्रे वितळून एकमेकांना घट्ट चिकटलेले.

"फ्यूज उशिरा उडाला," ते पुटपुटले. "या ठोकळ्याला हलका लागतो. तो पटकन जातो, ठोकळा वाचतो. कंपनीत एकत्र तपासलेली जोडी असते ती."

मालकीणबाई कडाडल्या, "मग आकडा दिसला नाही तुम्हाला? डोळे गेले तुमचे. उद्यापासून घरी बसा!"

काकांनी एकदाच पोरीकडे बघितलं. "बसतो. चूक माझीच."

पोरगी पुढे झाली. गप्प राहिली असती तर नोकरी पक्की होती.

"बाई, दोरे मी कापले. आणि फ्यूजही मीच दिले."

"न विचारता?"

"पसारा वाटला मला."

"मग माझी बाहीपण आवरून दे की!" भट्टीवाला एका बाहीनिशी ओरडला.

"तिला बोलू नका," काका म्हणाले. "दोरा कशासाठी ते मी कुणाला सांगितलं होतं? सगळं या टकलात. आणि मी नेहमी दोरा बघून घेतो. या वेळी दोरा नव्हता, तरी आकडा वाचला नाही."

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "दोघंही इथंच राहा. काका, जोडी तुम्ही सांगा. तू आकडा वाच, बांध आणि चिठ्ठी लाव. खण पुरा झाल्याशिवाय भट्टी पेटणार नाही."

बांधता बांधता शेवटच्या संचाला दोरा संपला. पोरीनं वेणीची निळी रिबीन सोडून बांधली.

"आता हा कसा ओळखू मी? लाल नाही!"

"चिठ्ठी वाचा की, काका."

काकांनी चिठ्ठी हातभर लांब धरली, मग नाकाला लावली.

"मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं गं, भवाने?"