मैनाचे मेल माझ्या पोटात आहेत

मी शाळेचा जुना कॉम्प्युटर बोलतोय. कशेळ्याजवळच्या एका लहानशा शाळेच्या ऑफिसात, कपाटाशेजारी मला भिंतीला टेकवून ठेवलंय. पाठीवर खडूनं 'भंगार' असं लिहिलंय. लिहोत बापडे! चालू व्हायला मला दहा मिनिटं लागायची, हे मी नाकारत नाही. पण जाण्याआधी एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि तिच्यापायी माझा जीव टांगणीला लागलाय.

मी आलो तेव्हा अण्णा इथे क्लार्क होते. भिसेगावात राहायचे, रोज एसटीनं यायचे. शाळेची मेलपेटी तेव्हा एवढीशी, सारखी भरायची. म्हणून अण्णांनी शक्कल काढली. आलेला-गेलेला प्रत्येक मेल माझ्यात उतरवून घ्यायचा आणि तिकडून पुसून टाकायचा. "आपल्या घरात असलेलं बरं," म्हणायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, की कुठं लिहून ठेवलं नाही.

त्या मेलांत मैनाचे मेल असायचे. मैना या शाळेतलीच. टायपिंग माझ्यावरच शिकली. आता बंगळूरला नर्स आहे. आई सोनाबाई डोंगराच्या पायथ्याला राहते, तिच्याकडे फोन नाही आणि तिथे रेंजही नाही. म्हणून पोरगी शाळेच्या पत्त्यावर लिहायची. बाजाराच्या दिवशी सोनाबाई डोक्यावरची पाटी दाराशी ठेवून आत यायची. अण्णा वाचून दाखवायचे, एकदा भरभर, एकदा सावकाश. मग ती सांगेल ते उत्तर टाइप करायचे. पदरचा एक शब्द त्यांनी कधी घातला नाही. मैनाला टायफॉइड झाला तेव्हा मात्र ती ओळ गाळली. पोरगी बरी झाल्यावर मग सांगितली, आणि सोनाबाईची बोलणीही खाल्ली.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा अचानक गेले.

त्यांच्या जागी तेजश्री आली. पोरगी कामाला चोख, उगाच नाव ठेवणार नाही. शाळेचा मेल क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या नव्या पेटीत न्यायचा असं ठरलं, तेव्हा कर्जतहून कॉम्प्युटरवाला अजेय आला. जुन्या पेटीत त्याला तीन आठवड्यांचे मेल सापडले, म्हणजे अण्णा गेल्यावर साचलेले; त्यांत मैनाचा एकही नव्हता. ते त्यानं नव्या जागी नेले. शाळेला नवा पत्ता मिळाला, जुना बंद झाला.

"सगळं आलं ना रे?" तेजश्रीनं विचारलं.

"दोनशे सात मेल होते, दोनशे सात आले. मोजलेत मी."

हिशेब बरोबर होता, हेच तर दुखणं. माझ्या पोटात नऊ वर्षांचे मेल होते. मला कुणी विचारलंच नाही. माझी वायर काढून गुंडाळून ठेवली.

काल सोनाबाई आली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. "मैनाचं काय आलं का गं, बाय?"

तेजश्रीनं नवी पेटी शोधली. मैनाचं नाव घालून शोधलं, मग आडनाव घालून. पुन्हा आपल्या मोबाइलवरून अजेयला फोन करून विचारलं. शेवटी म्हणाली, "मावशी, मैनाचा एकही मेल नाही. आधीचाही नाही."

"आदीचा बी नाय?"

"नाही हो. काहीच दिसत नाही. तिचा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

"पत्ता अण्णांकडं व्हता."

सोनाबाई बाकावर बसली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी अण्णा मनचंच वाचून दाखवायचं का गं? मला बरं वाटावं म्हनून?"

तेजश्रीनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पोरगी लिवतच नव्हती तर," सोनाबाई म्हणाली. पाणी न पिताच उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

मी आतल्या आत तडफडलो. तिकडे मैना बंद पत्त्यावर लिहीत असेल, मेल परत येत असतील, आईनंच पाठ फिरवली असं तिला वाटत असेल. शाळेचा फोन कधीचा मेलेला. तिचा पत्ता फक्त माझ्यात आहे.

उद्या सकाळी भंगारवाल्याचा टेंपो येणार आहे. बाबांनो, मला ठेवून घ्या असं मी म्हणत नाही. फक्त एकदा वायर लावा, दहा मिनिटं थांबा, आणि 'सोनाबाई' नावाचं फोल्डर उघडा. एकशे बारा मेल आहेत. प्रत्येकाची सुरुवात एकच आहे: 'अण्णा, हे आईला सावकाश वाचून दाखवा.'