भंडाऱ्याची शपथ

आण्णांनी दाराबाहेर वहाणा काढल्या. व्हरांडा पुसणाऱ्या बाईनं त्या उचलून भिंतीशी नीट लावल्या. आण्णांचं तिकडं लक्षही नव्हतं.

"देवळात आल्यागत करत्यात की गं तुझ्या शाळेत!"

"धूळ चालत नाही कॉम्प्युटरला," लीला म्हणाली. ती इथं गणित शिकवायची. नव्यानं आलेल्या या यंत्रावर तिनं चार महिने खपून गुन्हा शोधायचा खेळ रचला होता. पोरांपुढं ठेवण्याआधी तो वडिलांनी खेळून बघावा, असा तिचा हट्ट होता. निवृत्त फौजदारापेक्षा चांगला परीक्षक कोण मिळणार?

"चांगलं काय, वाईट काय, दोन्ही सांगा. भीड ठेवू नका."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. गुळाची अडत. मालक महालिंग यांचा सोन्याचा गोफ चोरीला. संशयित तिघं: पुतण्या, दिवाणजी, राखणदार ज्ञानू.

"अगं, ही तर माझीच केस! अडुसष्ट सालची!" आण्णा खूश झाले. लग्नाच्या एकेका पंगतीत त्यांनी ती सांगितली होती. तिघांपुढं खंडोबाचा भंडारा ठेवला. दोघांनी उचलून शपथ घेतली. ज्ञानूनं हात मागं घेतला. "खाई त्याला खवखवे! दोन रात्रीत कबूल झाला गडी."

ते एका बोटानं खेळू लागले.

"वाईट सांगू? लई वेळ लागतोय. तुझा संशयित मार खात न्हाई, दमत न्हाई. अशी चौकशी असत्या व्हय?"

लीलानं वहीत लिहून घेतलं. "आणि चांगलं?"

"साक्षीदार खोटं बोलत्यात. ते मात्र झकास."

खेळातल्या ज्ञानूनंही भंडारा उचलला नाही. खाली दोन पर्याय आले. एक, अटक करा. दोन, का ते विचारा. आण्णांनी एक दाबला.

'पुरावा अपुरा. पुन्हा सुरुवात करा.'

त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं आणि पुन्हा एक दाबला. तिसऱ्यांदाही तेच.

"बिघडलंय तुझं डबडं!"

लीलानं पेन्सिल खाली ठेवली. शेवटी वैतागून आण्णांनी दोन दाबला.

'सुतक हाय साहेब. देवाच्या भंडाऱ्याला शिवू कसा?'

आण्णांचं बोट बटणावरच राहिलं.

"हे तुझ्या मनाचं घातलंस?"

"नाही. बयाबाईनं सांगितलं. ज्ञानूची बायको. तुमच्या वहाणा लावून ठेवल्या ना मघाशी, तीच."

"मग त्यो बोलला का न्हाई तवा?"

"तोंड उघडायच्या आत तुम्ही थोबाडीत दिलीत, आण्णा. तुम्हीच सांगता की पंगतीत."

ज्ञानू तुरुंगात दुसऱ्याच वर्षी मेला. तेवढं मात्र आण्णांनी कुठल्या पंगतीत सांगितलं नव्हतं.

ते उठले. खुर्ची मागं सारून बाहेर व्हरांड्यात आले. बयाबाई गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. निघून जावं, असंही एकदा वाटलं.

"बयाबाई," ते म्हणाले, "कोण वारलं होतं त्या टायमाला?"

तिनं फडकं बादलीत पिळलं.

"लेक. कोडोलीला, माझ्या म्हायेरी. तीन वर्सांची हुती."

आण्णा अनवाणीच जिन्याकडं निघाले. तिनं वहाणा उचलून त्यांच्या पायांपुढं आणून ठेवल्या.

"फरशी वली हाय साहेब. जपून जावा."