अडकलेलं चाक

युद्ध संपल्यावर बांधलेल्या त्या दोन आसनी विमानाला तळावर सगळे ‘म्हातारी’ म्हणत. नवे वैमानिक तिच्यावरच हात बसवायचे. गेली अठरा वर्षं तिचं दुखणंखुपणं मिस्त्रींच्या हाताखालून गेलेलं. त्यांची बायको म्हणायची, माझा गुडघा धरला तर यांना आठवड्याने कळतं, तिचं मात्र नुसत्या खोकल्यावरून ओळखतात.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला म्हातारी धावपट्टीवर आली आणि न टेकताच पुन्हा वर गेली. उजवं चाक उतरलं होतं, डावं पोटातच अडकलं होतं. आत एक शिकाऊ वैमानिक आणि त्याचे शिक्षक, म्हणजे मिस्त्रींचे जावई.

मिस्त्री धापा टाकत टॉवरवर चढले. चाक उतरवायचा हातपंप मारायला सांगा, म्हणाले. रेडिओवाला म्हणाला, मारून मारून त्यांचे तळहात सोलून निघालेत. मग विमानाला झटके द्या. तेही झालं होतं. आणखी काय करायचं, असं रेडिओवाल्याने विचारलं, तेव्हा मिस्त्रींकडचे उपाय संपले होते. शेवटी ठरलं ते असं: उजवं चाक आत घ्यायचं, इंधन जाळायचं आणि बाजूच्या गवतावर पोटावर उतरायचं. त्याला पाऊण तास लागणार होता.

हँगरमध्ये परतले तर फोन वाजत होता. मुलीचा.

“बाबा, गच्चीवरून दिसतंय, म्हातारी कधीची नुसती फिरतेय. वर कोण आहे?”

“दुसरंच कोणीतरी,” मिस्त्री म्हणाले. “सराव चाललाय. तू तुझं आवर.”

“नक्की?”

“नक्की.”

मग ते गवताच्या कडेला आगीच्या बंबाशेजारी जाऊन उभे राहिले. बंबवाल्यांच्या हातात निदान नळी तरी होती. मिस्त्री पान्हा घट्ट धरून वर बघत राहिले, मान अवघडली तरी.

एकदाची म्हातारी खाली आली. पोट घासलं, पंखा वाकला, मातीचा लोट उठला, आणि ती अर्धवट गिरकी घेऊन थांबली. आधी शिकाऊ बाहेर आला, मागून जावई, कपाळावर खोक पडलेली. 

संध्याकाळी ते मुलीकडे गेले. जावई टाके घालून घेऊन झोपले होते. मुलीने चहा दिला आणि समोर बसली.

“काही बरंवाईट झालं असतं, तर मला कोणी सांगितलं असतं? तुम्ही?”



पुढे चौकशीत निघालं की चाकाच्या यंत्रातली एक खीळ आतून चिरलेली होती, बाहेरून ती कोणालाच दिसली नसती. मिस्त्रींवर ठपका आला नाही. म्हातारी मात्र मोडीत निघाली. मुलगी आता पूर्वीसारखी बोलते, येते-जाते. फक्त मिस्त्रींनी काही सांगितलं की ती मान डोलावते आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला तेच पुन्हा विचारते. बाहेर बसलेल्या मिस्त्रींना ते ऐकू येतं.