रुमाल ओला कशानं?

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण घरात लावायचा नव्हे. डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पट्टीला कपाळ लावून आणि वाटीत हनुवटी टेकवून माणसं बसतात आणि पलीकडून डॉक्टर माझ्या भिंगांतून त्यांच्या डोळ्यांत बघतात. भिंगं घासणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या तपासनिसानं मला पास करण्याआधी इतकं उलटंसुलटं करून पाहिलं, की संशय माझ्याही हाडीमाशी खिळला.

दवाखान्यात तो वाढलाच. लोक भिंतीवरचा तक्ता पाठ करून येतात आणि धडाधड अक्षरं म्हणतात. औषध रोज घालता ना, विचारलं की मान हलवतात, आणि बाटली बघावी तर काठोकाठ! म्हणून मी कुणाच्या शब्दावर जात नाही. पुढे संगणकाचं नवं यंत्र आलं, सगळे त्याचं कौतुक करू लागले आणि माझ्यावर चादर पडली. त्या यंत्राचाही मला भरवसा नाही. सारखे आकडे ओकत असतं.

एकदा त्याच्यापुढे रांग लागली, म्हणून सायकलवाल्या काकूंना माझ्यासमोर बसवलं. काकूंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. उजवा तरी वाचावा म्हणून ऑपरेशन करून, आत साठणाऱ्या पाण्याला वरच्या पापणीखाली वाट काढून दिली होती. डोळ्यातला दाब उतरला, सगळे खूश झाले. आता तर तो फारच उतरला होता. धाकटे डॉक्टर म्हणाले, छानच की! मला काही ते पटेना. अती तिथे माती. शिवाय काकूंना धूसर दिसत होतं आणि हातातला रुमाल ओलाचिंब होता.

त्या रुमालावरून घरात चांगलीच जुंपली होती. मुलाला वाटे, बायको आईला रडवते. सुनेला वाटे, सासूबाई मुद्दाम चारचौघांत डोळे पुसतात. मुलानं तर माझ्यासमोरच विचारलं, "आई, खरं सांग, ही तुला घालूनपाडून बोलते ना?"

सून मागे भिंतीला टेकून गप्प उभी होती. काकू म्हणाल्या, कुणी काही बोलत नाही, पाणी आपलं आपण येतं. मुलाचा विश्वास बसेना. खोटं कशाला सांगू, माझाही बसला नाही. मीही सुनेवरच संशय घेतला.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डोळ्याला पिवळ्या औषधाची पट्टी लावली आणि माझा निळा उजेड सोडला. औषध हिरवं चमकलं, आणि त्या हिरव्यातून एक बारीक काळसर धार खाली उतरताना दिसली.

"या रडत नाहीयेत," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या जागची कातडी विरलीय. डोळा आतून गळतोय."

"म्हणजे पंक्चर झालंय म्हणा की," काकू म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. त्याच भोकातून जंतू आत शिरले तर हाही डोळा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलाचा चेहरा पडला. ऑपरेशन लगेच ठरलं. विरलेली कातडी कापायची, मागची चांगली कातडी पुढे ओढून केसाहून बारीक दोऱ्यानं शिवायची, आणि पाण्याची वाट मात्र बुजू द्यायची नाही. हे सगळं दुसऱ्या खोलीत झालं. मी पाहिलं नाही, म्हणून छातीठोकपणे काही सांगणार नाही.

काही आठवड्यांनी काकू पुन्हा माझ्यासमोर बसल्या. पुन्हा ते औषध, तो निळा उजेड. मी अगदी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. धार नव्हती. दाबही हवा तेवढाच होता. माझा जीव भांड्यात पडला.

काकू उठल्या, वळल्या आणि भिंतीशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहतच राहिल्या. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा त्यांना स्वच्छ दिसत होता.

"अगं, डोळे किती सुजलेत तुझे. कधीपासून रडतेयस?"

सुनेनं तोंड फिरवून डोळे पुसले. मुलगा खाली बघत राहिला. आणि जन्मभर डोळे तपासणारा मी, मला लाजच वाटली. ती इतक्यांदा या खोलीत आली, पण माझ्यासमोर तिला कधी कुणी बसवलंच नव्हतं.

मित्रांनो, माझी भिंगं पुसत जा, एवढं तर मी मागणारच. पण घरात कुणाच्या डोळ्याला पाणी आलं, तर आधी त्याला दवाखान्यात न्या, गुन्हेगार शोधत बसू नका. आणि भिंतीला टेकून जी गप्प उभी असते ना, तिच्याकडेही एकदा नीट बघा.