दारावरची ‘प्रभारी’

मी एक जुनी सागवानी पाटी आहे. शाळेत गिरवायची नव्हे, दारावर नाव आणि हुद्दा लिहायची. विद्यापीठाच्या रंगाऱ्याने माझ्यावर रसायनशास्त्राच्या बाईंचं नाव लिहिलं आणि खाली झोकदार अक्षरांत ‘अध्यापिका’. मी अगदी मिरवत असे.

खरं तर मला वाचायची कुणाला गरजच पडत नसे. बाईंचं दार सताड उघडं असायचं आणि खोलीभर मुलं. वर्गात बाईंचा दरारा मोठा. कुणी उत्तर घोकून आलं की त्या लगेच ओळखायच्या आणि अशी फिरकी घ्यायच्या, की तोही हसत सुटायचा.

मग परीक्षा विभागातले साहेब निवृत्त झाले आणि कुलगुरूंनी बाईंना तिथे बसवलं. काम कुणी शिकवलं नाही. जमेल हळूहळू, म्हणाले. बाईंबरोबर मीही गेले. माझ्यावर आता लिहिलं होतं, ‘प्रभारी परीक्षा नियंत्रक’. प्रभारी म्हणजे कायमचा माणूस मिळेपर्यंत काम सांभाळणारी व्यक्ती.

मित्रांनो, त्या शब्दाने बाईंचं अवसानच गळालं. सही करायची वेळ आली की कागद बाजूला ठेवत. चूक झाली तर? वरून विचारलं तर? दार बंद राहू लागलं. येईल त्याला एकच उत्तर मिळे: मी प्रभारी आहे, कायमचे साहेब आले की बघतील. माझ्यावरच्या शब्दाआड बाई लपत होत्या आणि मला माझ्याच अक्षरांची लाज वाटत होती.

त्यातच एका मुलीचा निकाल अडकला. तिचे प्रात्यक्षिकाचे गुण भरायचे राहिले होते. मुलगी बाईंचीच विद्यार्थिनी, गुणही बाईंनीच दिलेले. एका सहीचं काम होतं. पण बाईंनी वर विचारलं आणि उत्तराची वाट पाहत बसल्या. ते येईपर्यंत मुलीची पुढच्या शिक्षणाची जागा गेली.

तिचे वडील शिंपी. ते आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि शिपायाला म्हणाले, “प्रभारी म्हणजे काय हो?”

“तात्पुरत्या.”

“मग आमचं नुकसानही तात्पुरतंच का?”

दार उघडलं. बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांची मान वर होईना.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “तिला माझ्याकडे पाठवा. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी मी करून घेते.”

“ती आता दुकानात काजं-बटणं करते. विचारून बघतो.”

बाई स्वतः मागणी करून शिकवायला परतल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. झेपलं नाही, असं लोक बोलले. त्याचं बाईंना काही वाटलं नाही. त्या मुलीची आठवण आली, की मात्र शिकवता शिकवता दाराकडे बघतात. मुलगी अजून आलेली नाही.

मित्रांनो, कुणाला नवं पद द्याल, तर आधी ते काम शिकवा. तुम्हाला मिळालं, तर चार दिवसांचं असलं तरी आपलं म्हणून सांभाळा. आणि एक विनंती आहे. विद्यापीठामागच्या गल्लीत शिंप्याचं दुकान आहे. तिकडून जाल तेव्हा त्या मुलीला सांगा, बाई वाट बघतायत. मला पाय नाहीत आणि बाईंना तिच्यासमोर जायची हिंमत होत नाही.