रुख्माच्या मासोळ्यांची बरणी

मित्रांनो, माझ्या तोंडाचा टवका उडालेला दिसतो म्हणून हसू नका. मी काचेची जुनी बरणी आहे, आणि एकेकाळी गोंदियाच्या स्टेशनाजवळच्या बाजारात माझा केवढा तोरा होता हे तुम्हाला ठाऊक नाही. कुठल्याशा लांबच्या कारखान्यात एका कारागिराने तापलेल्या काचेत फुंकर घातली आणि मला हे गोल पोट आलं. मग भाताच्या तणसाने भरलेल्या खोक्यात बसून मी आगगाडीने इथे आले. भैय्यालाल किराणावाल्याच्या फळीवर मी पोटात लिंबाच्या गोळ्या घेऊन ऐटीत बसायचे. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी त्याने माझं झाकण काढून ठेवलं आणि येईल त्या पोराच्या हातावर गोळी ठेवली. त्याच झुंबडीत मी कलंडले आणि तोंडाचा टवका उडाला. आता अशा बरणीतली गोळी कोण घेणार? भैय्यालालने मला धानगिरणीतल्या मिस्त्रीला, श्यामलालला, देऊन टाकलं.

काही वर्षं मी त्याच्या घरी मीठ सांभाळलं. मग श्यामलालचं लग्न झालं आणि रुख्मा घरात आली. तिचं माहेर सडक अर्जुनीकडचं, अगदी तलावाच्या मातीच्या पाळीला लागून. इथे खिडकी उघडली की गिरणीचा कोंडा डोळ्यांत जायचा. बिचारी तक्रार करायची नाही, पण जेवण अर्धं टाकून उठायची. दिवाळीनंतर तिचा बाप चैतराम तिला भेटायला आला, तो गाडीत मांडीवर पितळी लोटा धरून. लोट्यात तलावातल्या बोटाएवढ्या चंदेरी मासोळ्या होत्या, थोडं पाणगवत होतं आणि तळाची माती होती.

"तलाव तं आनता नाही येत बाई," तो म्हणाला, "म्हनून एवढं आनलं."

रुख्माने मला घासूनपुसून घेतलं आणि ते सगळं माझ्यात ओतलं. मित्रांनो, खरं सांगते, गोळ्या नि मीठ सांभाळण्यात काही मजा नाही. मासोळ्या पोटात फिरायला लागल्या आणि मला पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

त्याच हिवाळ्यात चैतराम वारला. रुख्मा पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई तर लहानपणीच गेलेली. माहेर म्हणावं असं तिच्याजवळ आता माझ्यातलं तेवढं पाणी उरलं. सासू देवकाबाई आणि नवरा कामात असले की ती माझ्यासमोर बसायची आणि मासोळ्यांना गावातल्या गोष्टी सांगायची. मी निमूट ऐकायचे.

मासोळ्या वाढल्या. माझ्यात त्यांना धड वळायलाही जागा राहिली नाही. तेव्हा श्यामलालने गिरणीतून सुटल्यावर खपून एक मोठी काचपेटी तयार केली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तसबिरींच्या दुकानातल्या काचा, आणि फटी बुजवायला जवसाच्या तेलात मळलेली खडूची पूड. पेटी गळायची थांबली तशी एका सकाळी रुख्माने तिच्यात विहिरीचं दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी भरलं आणि गवत नि मासोळ्या तिकडे सोडल्या. मी अर्धी रिकामी होऊन कोनाड्यात गेले. गरज सरो नि वैद्य मरो, म्हटलं, आणि मनातल्या मनात रुसले.

आता देवकाबाईचं ऐका. ती तलाव बांधणाऱ्या घराण्यातली. तिच्या गावी नवा तलाव पहिल्यांदा भरला की बाया पाण्याची ओटी भरतात. सुनेच्या मासोळ्यांचं नवं घर भरलं आणि तिला राहवलं नाही. ठेवणीतलं लुगडं नेसून ती आली आणि हळद, कुंकू, मूठभर तांदूळ पेटीत सोडून तिने हात जोडले. तिने हे इतक्या मायेने केलं की अडवायचं सोडून रुख्मानेही हात जोडले.

दुपारपर्यंत पाणी गढूळ तांबडं झालं. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडझाप करू लागल्या. रुख्मा पेटीपाशी उभी राहायची, परत चुलीकडे जायची, परत यायची. सासूने भरलेली ओटी सुनेने उपसायची कशी? माझ्यात अर्धं जुनं पाणी अजून होतं, संध्याकाळी तुळशीला घालायचं म्हणून ठेवलेलं. पण मला काही हाक मारता येत नव्हती. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी ती बोलली. सासूला ती मामीजी म्हणायची.

"मामीजी, मासोळ्या मरून राहिल्या."

"ओटीनं कोनी मरते का वं?" देवकाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"बाबा गेला तवा मी जवळ नव्हती," रुख्मा म्हणाली. "आता ह्या माह्या डोळ्यासमोर जाऊन राहिल्या."

देवकाबाईने सूप खाली ठेवलं आणि पेटीत वाकून पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"तलावातली ओटी कोसभर पान्यात फाकते. इथं तं दोन गुंड पानी. तू काऊन नाही बोलली?"

"तुमची ओटी होती, मामीजी."

"ओटी माही होती. जीव तं त्यायचा हाय."

तिने बांगड्या मागे सारून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि एकेक मासोळी ओंजळीत धरून माझ्यात सोडली. माझा रुसवा कुठल्या कुठे गेला. बाकीच्या हळूहळू सावरल्या, पण एक वाचली नाही. तिला देवकाबाईने स्वतः तुळशीजवळ पुरलं.

मग तिने राख घेऊन पेटी घासली. देवकाबाईचा बाप नव्या तलावात पहिल्या साली मासोळी सोडू द्यायचा नाही. आधी माती बसू दे, गवत धरू दे, म्हणायचा. तसंच तिने केलं. पेटीत ताजं पाणी, माती आणि गवत आधी गेलं. रोज माझ्यातलं लोटाभर पाणी पेटीत आणि पेटीतलं माझ्यात. गवताला नवे कोंब आले तेव्हा कुठे मासोळ्या गेल्या, आणि या खेपेला सुखाने पोहल्या.

देवकाबाईने पुन्हा हळद-कुंकवाचं ताट आणलं तशी रुख्मा दचकली. पण देवकाबाईने पेटीसमोर पाट मांडला आणि सुनेला त्याच्यावर बसवलं. पदरात तांदूळ नि नारळ घातले.

"माहेरी तुही ओटी भरनारं कोनी नाही रायलं," ती म्हणाली. "आता दर साली मी भरीन."

बाप गेल्यापासून रुख्मा सासूसमोर कधी रडली नव्हती. त्या दिवशी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि देवकाबाईने तिला रडू दिलं.

मित्रांनो, आता माझ्यात जवस भरतात आणि माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, थोडंसंच वाटतं. पण एवढं ऐका. मासोळी असो, रोप असो की माणूस, कुणाला मोठ्या घरी नेलंत तर त्याचं थोडं जुनं पाणी सोबत न्या. आपल्या मायेने त्याला काय होतंय तेही वाकून बघा. आणि जुनी बरणी लगेच फेकू नका. नव्या घरी जीव गुदमरला, तर परत यायला एक जागा लागते.